पाचव्या पेटीभोवतीचं गवत

मंडळी, माइक राहू दे. माझा आवाज पोचतो मागपर्यंत.

मी सुनंदा, तिसऱ्या मजल्यावरची. इथे चाळ होती तेव्हापासून लीलावैनींची शेजारीण. तुम्ही इतके जण आलात, त्यांच्या मुलीला, शुभाला, बरं वाटलं असेल. मी खरं तर बोलणार नव्हते. वैनी जाऊन दहाच दिवस झाले. पण आत्ता चेअरमनसाहेब जे बोलले, ते ऐकून गप्प बसले तर मला आज जेवण जायचं नाही.

काय म्हणाले? लीलाताई निसर्गप्रेमी होत्या. बरोबर. म्हणून बिल्डिंगच्या मागे, शिवडीच्या गोदामाच्या भिंतीला लागून जी पट्टी आहे, तिथे त्यांच्या नावाने लॉन करायचं. बाक टाकायचा, पाटी लावायची. आणि शनिवारी माणूस येऊन आधी जागा साफ करून देणार.

साफ करून देणार! कशाने हो? त्याच तण मारायच्या औषधाने?

मंडळी, त्या पट्टीत वैनींच्या मधमाश्यांच्या पाच पेट्या होत्या. होत्या म्हणते मी. आता एक आहे. बाकीच्या चार कशा गेल्या, हे या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि आतापर्यंत बोललेल्यांपैकी एकानेही ते तोंडातून काढलं नाही. तुमच्या नातवंडांच्या खोकल्याला त्या पेट्यांमधला मध चालला. पावसाळ्यात त्या पट्टीतल्या टाकळ्याची भाजी तुमच्या ताटात चालली. मीही खाल्ली. मग त्याच टाकळ्याला पिवळी फुलं आली, आणि आपल्याला ते रान वाटायला लागलं?

वैनी काही गवताच्या प्रेमात नव्हत्या. उलट गवतावर त्यांचा जेवढा राग, तेवढा कमिटीचासुद्धा नव्हता. पेटीच्या स्टँडचे पाय त्या पाण्याच्या वाट्यांत ठेवायच्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. गवताचं एक पातं वाकून पेटीला टेकलं की मुंग्यांना पूल मिळाला. म्हणून आठवड्यातून दोनदा विळा घेऊन बसायच्या. कधी? संध्याकाळी, माश्या घरी आल्या की. कुठे? पेटीच्या मागे, कधीच पुढे नाही. पाऊस पडून गेला, माती मऊ झाली, की मुळासकट उपटायच्या. स्टँडखाली जुनी गोणपाटं अंथरायच्या, वर विटा. पेटीच्या दारासमोरची जागा तेवढी मोकळी ठेवायच्या. भिंतीकडचा दगडी पाला मात्र फुलू द्यायच्या, कारण माश्या त्याच्यावरच जगायच्या. गवत कापायचं मशीन त्यांना चालायचं नाही, त्या आवाजाने माश्या चवताळतात. आणि औषधाचं नाव काढलं की म्हणायच्या, "फुलार औषध मारलंत तर माशी खातली काय गो?"

सत्तरी ओलांडलेली बाई हे एकटीने करत होती. आपण काय केलं? खिडकीतून पाहिलं.

गणपतीच्या आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चार दिवस शुभाकडे ठाकूरद्वारला राहिल्या. जाताना मागच्या गेटची चावी माझ्या हातात दिली. एकच वाक्य बोलल्या, "फवारणीवाल्याक चावी देव नको."

मी दिली.

शुभा, तुला आज पहिल्यांदा सांगते आहे. चेअरमनसाहेबांचा फोन आला, सणाच्या आधी साफसफाई आहे, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, कशाला वाईटपणा घ्या. नेऊन दिली चावी.

साहेब, तुम्ही म्हणता आम्ही काळजी घेतली, पेट्यांवर ताडपत्री टाकली. दुपारी बारा वाजता? दुपारी बारा वाजता माश्या घरी असतात का? कामावर असतात हो त्या! या गिरणगावात, जिथे घराघरात पाळ्या होत्या, तिथे हे समजावून सांगायचं? त्या फुलांवर बसलेल्या असताना औषध पडलं. ज्या उडून परत आल्या, त्यांच्या दारावर तुमची ताडपत्री. पाचवी पेटी वाचली ती तुमच्या काळजीने नाही. ती पार टोकाला आहे, आणि पंपातलं औषध तिथवर जायच्या आधी संपलं.

वैनी परत आल्या तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता. तशाच खाली गेल्या. मऊ केरसुणीने मेलेल्या माश्या गोळा केल्या. मी सूप धरायला गेले, तर मला बाजूला केलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या जाण्याचा दोष मी फवारणीला देत नाही, डॉक्टर म्हणाले हृदय थकलं होतं. पण त्या दिवसानंतर त्या मोठ्याने बोलल्या नाहीत, हे मी शपथेवर सांगेन.

आठवड्याने मी चावी परत करायला गेले. त्यांनी माझी मूठ मिटली. म्हणाल्या, "तुझ्याकडेच ऱ्हवांदे. आता तुका कळला."

ही बघा ती चावी. शनिवारी ही मिळणार नाही. चेअरमनसाहेब, हात जोडून सांगते, आणि जोडलेल्या हातात चावी घट्ट धरून सांगते. कुलूप तोडायचं असेल तर माझ्यासमोर तोडा. वैनींच्या नावाची पाटी लावायला त्यांचीच शेवटची पेटी मारायची, हे मी होऊ देणार नाही. एकदा मी वाईटपणा टाळला. आता सगळ्या बिल्डिंगचा घेईन.

पुढे दोन मिनिटं शांतता ठेवायची आहे. मंडळी, ती इथे फोटोसमोर नको. खाली चला. सहा वाजत आलेत, माश्या घरी येत असतील. पाचव्या पेटीभोवती पुन्हा गवत चढलंय, दहा दिवसांत कोणी हात लावलेला नाही. ज्यांना वैनींना नमस्कार करायचा आहे, त्यांनी तिथे दोन मिनिटं काही न बोलता गवत उपटावं. मुळासकट. फुललेलं राहू द्या.

वैनी, चुकले मी. येते खाली.

चल, शुभा. आणि मंडळी, पेटीच्या मागच्या बाजूने या. दारासमोर कोणी उभं राहू नका, त्या घरी येतायत.