पहिला फोन कुणाला?

मंडळी, या आवारात आज उन्हातान्हात जमलात. मला भाषण येत नाही. पण प्रकाशची बायको समोर बसलीय. तिच्यासमोर गप्प बसून घरी जाणं मला जमणार नाही.

मी वैशाली. या शीतगृहाचं कॉम्प्युटरचं काम प्रकाश आणि मी बघायचो. यंत्र बिघडलं, कुणी थंड खोलीत अडकून आतलं बटण दाबलं, की कॉम्प्युटर फोन लावतो. पहिल्या नंबरला लावतो. त्यानं ‘पाहिलं’ असं दाबलं की संपलं. मग पुढच्यांना लावत नाही, पुन्हाही लावत नाही. कॉम्प्युटरला वाटतं, माणूस निघाला.

मग पहिला फोन कुणाला? प्रकाश म्हणाला, “फाटकावरच्या बबनभाऊंना. ते कायम जागेवर असत्यात.” संचालक मंडळ हसलं. “अध्यक्षांच्या आधी पहारेकऱ्याला? बरं दिसतं का राव?” झालं! लग्नपत्रिकेत नावं टाकावीत तसे मानाप्रमाणं नंबर टाकायला लावले. आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मग बाकीचे. बबनभाऊ कुठंच नाहीत. प्रकाश चिडून म्हणाला होता, “साहेब, ह्यो मानपान न्हाई, जिवाचा प्रश्न हाय.” तेवढ्यात चहा आला. विषय मिटला.

रविवारी प्रकाश एकटाच आत गेला, बिघडलेला सेन्सर बदलायला. दाराची खिट्टी अडकली. त्यानं बटण दाबलं. फोन लागला. कुणाला? पुतण्याच्या लग्नात फेटा बांधून घेत असलेल्या अध्यक्षांना. त्यांनी ‘पाहिलं’ दाबलं आणि फोन खिशात टाकला.

अध्यक्षसाहेब, काय पाहिलं हो तुम्ही?

बबनभाऊ फाटकावर होते. फोन हातात होता. आणि प्रकाश बटण दाबत राहिला असणार. दाबतच राहिला असणार.

मघाशी भाषणात प्रकाशच्या मरणाला ‘दैवाचा घाला’ म्हणालात. दैवाला कशाला मधे आणता? दैवाचा नंबर आपण टाकलाच नव्हता.

मला राग आलाय. लई राग आलाय. आज सकाळी कुणालाही न विचारता मी क्रम बदलला. पहिला नंबर बबनभाऊंचा. अध्यक्षसाहेब, तुमचा सगळ्यात शेवटी. मला कामावरून काढायचं तर खुशाल काढा.

आता उभं राहूया. प्रकाशसाठी थोडा वेळ गप्प राहूया. सगळ्यांनी फोन बंद करा.

बबनभाऊ, तुम्ही फाटकापाशीच थांबा. तुमचा तेवढा चालू राहू द्या. आत माणसं काम करतायत.