पाय रोव, हात जाऊ दे

(मंदाताई रोह्याजवळच्या एका गोल्फच्या मैदानावर काम करतात. त्यांच्या ओट्यावर बसून ऐकलं, तसं उतरवलं.)

माझं माहेर पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीवर, आणि सासर हे इथं रोह्याला, म्हणजे खाडीचं पाणी सुटलं आणि नदीचं लागलं, पाण्याचा शेजार काय सुटला नाय. आमी दोघी बहिणी, भाऊ नाय. बापूस खाडीत पाग टाकायचा. पाग म्हणजे ते हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या असतात बघा, ते. माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहतो, दोरी डाव्या मनगटाला बांधतो आणि जाळं असं अंगाभोवती फिरवून फेकतो, ते हवेत उघडतं आणि गोल होऊन पाण्यावर पडतं. मी थोरली, टोपली घेऊन त्याच्या मागं मागं चिखलात. एक दिवस त्यानंच जाळं माझ्या हातात दिलं, म्हणाला घे, पोरगा नाय म्हणून काय जाळं कुजत ठेवायचं काय. गाव हसलं. हसू दे. बारा वर्षांची असताना मी टोपलीभर बोयटं, खाडीतले मासे हो, काढून आणली, काय सांगू तुमाला, आईनं माझी दृष्ट काढली व्हती.

लग्न झालं आणि जाळं सुटलं. सुनेनं नदीत उभं राहून पाग टाकणं बरं दिसत नाय, कुणी बोललं नाय तसं, पण बोलायला लागतं काय? आमचे हे रिक्षा चालवतात, सासू हाय, स्वभावानं चांगली हाय, तोंडानं फटकळ हाय. मी लोकांच्या शेतावर जायचे, लावणी, कापणी, झोडणी, सगळं केलं. झोडणी तुमी बघितली नसेल. भाताची पेंढी दोन्ही हातांनी धरायची, डोक्यावरनं आणायची आणि पुढं तिरकी फळी ठेवलेली असते तिच्यावर हाणायची, धाप, की दाणे खाली. फळी लागली की हात थांबले, परत वर. धाप, परत वर. दिवसभर. वीस वर्षं मी ते केलं, ते हातांनी लक्षात ठेवलं, मी विसरले तरी हात विसरले नाय, आणि पुढचं सगळं रामायण त्याच्यावरनंच झालं.

मंग नागोठण्याच्या रस्त्याला ते गोल्फचं मैदान झालं. साहेब लोकांचं. मला तिथं गवत खुरपायचं काम लागलं, आमी सहा बायका व्हतो, रांगेत बसून खुरपायचं. तिथं शिकवायला एक मॅडम यायच्या, दीपा मॅडम, पुण्याच्या, बारीक अंगाच्या, पण काठी फिरवली की बॉल दिसेनासा व्हायचा. एकदा मी बॉल गोळा करून टोपली दिली तर म्हणाल्या, मंदाताई, मारून बघता? मी म्हटलं नको बाई, साडी हाय. तर म्हणाल्या, पदर खोचा. खोचला. पहिला बॉल जागेवरच, दुसऱ्याला काठी जमिनीत, आणि तिसरा असा गेला, असा गेला, की बाकीच्या पाचजणींनी खुरपी खाली ठेवली. मॅडम माझे हात बघत राहिल्या. म्हणाल्या, एवढी ताकद आणता कुठनं? मी म्हटलं ताकद कसली, काम हाय.

तेव्हापासनं काम झालं की रोज अर्धा तास मॅडम मला शिकवायच्या. दोन वर्षं शिकवलं. मी लेगिंग आणि वर लांब कुर्ता घालायला लागले, सासूनं दोन दिवस तोंड वळवून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच कुर्ता वाळत घातला. सगळं बरं चाललं व्हतं, पण मारून झालं की माझे हात पुढं जायचेच नायत. बॉल लागला की थांबले. डावा कोपर बाहेर निघायचा, काठी छातीशी अडकल्यासारखी, आणि बॉल उजवीकडं, झाडीत. मॅडम म्हणायच्या, ताई, फॉलो-थ्रू. म्हणजे मारल्यावर पुढं हात जातात ना, ते. मी म्हणायचे, मॅडम, बॉल तर गेला, आता हात कुठं का जाईनात, त्याला काय कळतंय? तर म्हणाल्या, जो हात पुढं थांबणार असतो तो बॉलच्या आधीच कच खातो. मला पटलं नाय तवा. कोपराला मात्र पटलं. तो इतका दुखायला लागला की तांदळाची भाकर थापताना डोळ्यांत पाणी यायचं, कळशी उचलायची तर उजव्याच हातानं.

आणि त्यातच बातमी आली की गवताला मशीन येतंय. खुरपणाऱ्या बायका बंद. मॅडमना पुण्याला आठवड्यातनं चार दिवस राहायचं व्हतं, म्हणून त्यांनी ऑफिसात सांगितलं की बायकांना आणि पोरींना शिकवायला मंदाताईला ठेवा. ऑफिसवाले म्हणाले, ठेवू, पण परीक्षा द्यायला लागेल. दहा बॉल, पुढं दोन झेंडे, सात बॉल दोन झेंड्यांच्या मधनं गेले पायजेत. जागा एकच. नाय जमलं तर परत शेतावर, आणि या कोपरानं शेत कसं करणार, ते मला एकटीला ठाऊक. यांना मी कोपराचं अर्धंच सांगितलं व्हतं.

मॅडमनी मंग दुसरं काढलं. म्हणाल्या, मारताना अंग घट्ट धरा, डावी बाजू खांबासारखी करा. मी धरलं की घट्ट. कसं? भारा डोक्यावर घेताना धरतो तसं. दात आवळले, श्वास कोंडला, पोट, पाठ, मान, हात, बोटं, सगळं. बॉल चार पावलं गेला आणि बसला. मॅडम हसल्या, म्हणाल्या, ताई, पाय आणि पोट घट्ट, हात नाय, हात मोकळे. मी म्हटलं एकाच अंगात अर्धं घट्ट आणि अर्धं मोकळं कसं करणार, मी काय दोन माणसं हाय? मॅडमनी खूप सांगितलं, स्वतः करून दाखवलं, माझा हात धरून फिरवला. डोक्यात सगळं शिरायचं, अंगात काय उतरायचं नाय.

परीक्षेच्या चार दिवस आधी मी अंगणात काठी फिरवत व्हते आणि हे मोबाइलवर माझं शूटिंग काढत व्हते. सासू ओट्यावर बसून लसूण सोलत व्हती. जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, मंदे, भात झोडतंस काय गो? यांनी मोबाइल दाखवला आणि मी बघतच राहिले. झोडणीच व्हती ती! पुढं फळी नाय, पेंढी नाय, पण माझे हात फळी हाय असं समजून थांबत व्हते, जल्ली ती फळी माझ्या हातांतनं जाईचना. दोन वर्षांत मॅडमना जे दिसलं नाय ते म्हातारीला लसूण सोलता सोलता दिसलं. मॅडमचा काय दोष, पुण्यात कोण झोडतंय?

पण चूक कळली म्हणजे सुधारली असं व्हतं काय? दुसऱ्या दिवशी उलट जास्तच थांबायला लागले. मला असा राग आला, स्वतःचाच, की शनिवारी सकाळच्या गाडीनं सरळ माहेरी गेले. बापसाला सांगणार व्हते की मी सोडतेय, तुझ्या पोरीला नाय जमत.

बापूस आता थकलाय. नजर गेलीय बरीचशी, उजवा खांदा वर व्हत नाय, पण बोटांनी चाचपून चाचपून जाळं शिवत बसतो. मी बोलायच्या आधीच म्हणाला, मंदे, बरी आलीस, हे नवं शिवलंय, उघडतंय काय बघ, मना हात वर नाय व्हत. मी म्हटलं बाबा, माझा कोपर दुखतोय. तर म्हणाला, एकदा टाक, एकदाच. ओहोटी लागली व्हती. त्याचा हात धरून त्याला बांधावर बसवलं आणि मी खाली उतरले, किती वर्षांनी तो चिखल पायाला लागला. दोरी मनगटाला बांधली, जाळं घेतलं, फेकलं. आणि ते गोळा होऊन पडलं, धप्पकन, भिजल्या गोधडीसारखं. बापसाला दिसलं नाय, पण आवाजावरनं कळलं. म्हणाला, हात परत आणलास. कशाला परत आणतंस? पाय रोव, हात जाऊ दे.

हे मी लहानपणी शंभर वेळा ऐकलं व्हतं. पागाचं काय असतं, जाळं सुटलं की अंग त्याच्या मागं ओढलं जातं, अंग गेलं की तुमी तोंडावर पाण्यात, मी पडलेय की तशी, नाकातोंडात चिखल. म्हणून डावा पाय पुढं रोवायचा, कंबर वळते ती त्या पायावर येऊन थांबते, पोट धरून ठेवायचं. आणि अंग थांबलं की सगळा जोर हातांत जातो, हात मात्र थांबवायचे नायत, ते जाळ्याच्या मागं लांब जाऊ द्यायचे, दोन्ही कोपर सरळ. मागं ओढले की जाळं मिटलं.

दुसऱ्यांदा टाकलं. डावा पाय चिखलात रुतला तसा घट्ट झाला, आणि हात गेले, अहो, आपोआप गेले, आणि जाळं उघडलं, पेणच्या पापडासारखं गोल. मी तशीच उभी. हात पुढं, लांब, खाली घेईचना. अंग घट्ट व्हतं आणि हात मोकळे व्हते, आणि मी एकच माणूस व्हते! बापूस वरनं ओरडला, काय झाला गो, भूत दिसला काय? मी म्हटलं बाबा, गावलं. त्याला वाटलं मासा. मासेपण व्हते, दोन बोयटं, त्यांचं कालवण करून घातलं त्याला आणि संध्याकाळी रोह्याला परत आले. सोडण्याचं त्याच्यापाशी बोललेच नाय.

रविवारभर अंगणात काठी घेऊन पाग टाकला. डावा पाय रोवायचा, कंबर येऊन थांबू द्यायची, हात बॉलच्या पुढं दोन्ही सरळ लांब जाऊ द्यायचे, मंग त्यांना पायजे तेव्हा ते वळून डाव्या खांद्यावर जातात, आपण न्यायचे नायत. कोपर दुखला नाय. मी मुद्दाम वाट बघत व्हते दुखायची, नाय दुखला. सासू म्हणाली, आता झोडत नाय गो, फेकतंस.

सोमवारी परीक्षा. तीन साहेब खुर्च्या टाकून, मॅडम बाजूला, हे रिक्षा घेऊन गेटबाहेर, मीच आत येऊ नका म्हटलं व्हतं. पहिला बॉल उजवीकडं. दुसरा उजवीकडं. भीतीनं परत फळी आली बघा. आणखी एकच चुकायची सोय उरली, आठ बॉल व्हते. तवा काय सुचलं कुणास ठाऊक, केसांची रिबन सोडली आणि डाव्या मनगटाला गुंडाळली, दोरी बांधतात तशी. एक साहेब म्हणाले, हात दुखतोय काय? मी म्हटलं नाय साहेब, हे बांधल्याबिगर मला फेकता येत नाय. ते एकमेकांकडं बघायला लागले. बघू दे.

तिसरा मधनं. चौथा, पाचवा, सहावा, सगळे मधनं. सातव्याला मी जरा खूश झाले आणि अंग हातांच्या मागं गेलं, बॉल डावीकडं, झेंड्याच्या बाहेर. तीन चुकले. आता उरलेले तिन्ही जायलाच पायजे व्हते. मॅडमनी तोंड फिरवलं, त्यांना बघवेना. मी क्षणभर डोळे मिटले आणि पायाखाली चिखल हाय असं मानलं. आठवा गेला. नववा गेला. दहाव्याला मी बॉल कुठं गेला ते बघितलंच नाय, नुसती उभी राहिले, हात खांद्यावर, सगळं अंग डाव्या पायावर, आणि मॅडमचा ओरडा ऐकू आला. मी तिथंच गवतात बसले. रडले नाय, खरं सांगते, मला भूक लागली एकदम, दोन दिवसांची भूक. मॅडमनी मिठी मारली तर मी म्हटलं, मॅडम, डब्यात काय हाय काय?

बापसाला फोन केला. बाबा, झाले पास. त्यानं बाकी काय विचारलं नाय, म्हणाला, शेवटी हात कुठं व्हते? मी म्हटलं वर. मंग ठीक, म्हणाला, आणि फोन ठेवला.

आता वर्ष झालं. माझ्याकडं अकरा बायका शिकतात आणि सात पोरी, त्यातल्या दोघी पोरी आमच्याबरोबर खुरपायला बसायच्या त्या बायकांच्याच. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात काठी देत नाय, बापसाचं जुनं जाळं देते. भाकरी मी दोन्ही हातांनी थापते, कळशी डाव्या हातानं उचलते, मुद्दाम उचलते. रात्री झोप लागते. सुटले बाई, असं रोज एकदा तरी तोंडात येतं.

परीक्षेला दहावा बॉल मारून मी उभी व्हते तवाचा फोटो मॅडमनी काढला व्हता, तो बघा, सासूनं देवाच्या शेजारी लावलाय. मी त्याच्याकडं बघत राहते कधी कधी. लावणी केली, खुरपलं, कापलं, झोडलं, सगळी कामं वाकून केली, आणि काम संपलं तवाही नजर खालीच असायची, हाताखाली काय पडलं ते बघायला. हे एकच काम असं बघितलं की जे संपतं तवा बाई ताठ उभी असते आणि लांब बघत असते. माझ्या पोरींना हेच मिळो, तुमच्या लेकींनाही मिळो. चला, चहा निवला तुमचा, दुसरा टाकते.