अर्जातलं वय

धारवाडच्या कोर्टासमोर एका वकिलाच्या खोलीबाहेर वेणूबाई भाडेकराराच्या कामासाठी बाकावर बसल्या होत्या. शेजारी मळमड्डीचे बहीण-भाऊ, उत्तरा आणि श्रीहर्ष, वारसाच्या अर्जावरून हळू आवाजात बोलत होते. वेणूबाईंनी चष्मा पुसायला घेतला, पण कान तिकडंच ठेवले.

“अक्का, सही कर. अप्पांनी मृत्युपत्र केलं नाही, म्हणून बँकेतल्या ठेवी अडकल्यात. कोर्टाचा दाखला मिळायला तसेही सहा-आठ महिने जातात.”

“कर किती बसेल?”

“वारशावर आपल्याकडं कर नाही. कोर्टाची फी तेवढी.”

“मग ठीक आहे. पण इथं माझं वय साठ लिहिलंय.”

“आधारवर तेच आहे.”

“अर्जाची नोटीस पेपरात येणार ना?”

“येते. कुणाची हरकत असेल तर त्यानं कळवावी म्हणून.”

“मग माझीच हरकत आहे. अठ्ठावन्न लिही.”

“कोर्टात खोटं लिहू?”

“लग्न ठरवताना अप्पांनीच ह्यांना माझं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं. हे एकोणसाठचे आहेत, श्रीहर्ष. रोज चहाबरोबर पेपरातलं अक्षरन् अक्षर वाचतात.”

“भावजींना कन्नड वाचता येतं?”

“सांगलीचा माणूस. पस्तीस वर्षांत बसची पाटी वाचायला शिकला नाही.”

“नोटीस कन्नड पेपरात येते, अक्का.”

उत्तरानं अर्ज आपल्याकडं ओढला.

“मग हे आधी सांगायचं नाही का? पेन दे.”

श्रीहर्ष खिसे चाचपू लागला, तोवर वेणूबाईंनी आपलं पेन पुढं केलं होतं.