पाटावरचं लाल चीज

माझ्या चीजच्या मेजवानीची गोष्ट तुम्हाला सांगितलीच नाही वाटतं. विलायतेत दुग्धविद्या शिकून मी कडेगावला परतलो, तो चीजचा कारखाना काढायचाच म्हणून. त्याला गावाचं दूध हवं होतं, म्हणून शेतकऱ्यांना जेवायला बोलावलं. पाटावर लाल मेणात गुंडाळलेला चीजचा गोळा मांडला आणि भोवती द्राक्षं, अक्रोड, विड्याची पानं यांची आरास केली.

तात्या पाटील आले, पायताण काढलं आणि वाकून पाटाला नमस्कार केला. मागोमाग सगळे वाकले. चीजचा हा मान बघून मी हरखलो आणि सुरी उचलली.

तात्यांनी माझं मनगट धरलं. “आरं, शेंदराचा देव कापतोस व्हय?”

“तात्या, हा देव नाही, दूधच आहे. कापून खायचं असतं.”

तात्या मंडळींकडे वळले. “दूध लागंल तेवढं देऊ गड्यांनो, पर आधी ह्याच्या हातातली सुरी काढून घ्या.”