रंग लाल लिहावा

माझे नाव, पत्ता आणि फोन नंबर हवालदारबाईंनी वेगळ्या कागदावर उतरवून घेतले आहेत. वय ६६ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, म्हणजे पडदे शिवणे आणि लोकांचे कपडे उसवून सैल-घट्ट करून देणे. मी आज दुपारी स्वतःच्या पायांनी ठाण्यात आले आहे, मला कोणी पढवून पाठवलेले नाही. विचारल्यावरून समक्ष सांगते ती हकीकत अशी.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मागच्या हिवाळ्यापर्यंत माझा मुलगा माझ्यासोबत राहत होता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. लग्न केलेले नव्हते. तो आजारी पडून इस्पितळात वारला. त्याबद्दल माझी कोणावरही तक्रार नाही, डॉक्टरांनी जीव तोडून प्रयत्न केले. हवालदारबाईंनी हे दोनदा विचारले म्हणून दोनदा सांगितले.

माझी तक्रार रोबोटबद्दल आहे. रोबोट म्हणजे खेळण्यातला, प्लास्टिकचा, वीतभर उंच, डावा गुडघा ढिला. येथे बसलेले एक शिपाई हसले. त्यांना मी म्हणाले, "हसून घ्या, मी थांबते." त्यानंतर ते हसले नाहीत.

मुलगा नऊ वर्षांचा असताना टीव्हीवर एक कार्टून लागायचे. त्यातला मुख्य रोबोट लाल होता आणि त्याचे नाव अंगार. मुलाच्या वडिलांनी दुकाने पालथी घालून तो आणला, पण खोके उघडले तर आतला रोबोट पिवळा, आणि खोक्यावर नाव वज्रा. दुकानदार म्हणाला, कंपनी आपल्याकडे हाच पाठवते, लाल तिकडचा, पिवळा इकडचा. मुलगा "हा तो नव्हेच" म्हणून तोंड पाडून बसला. त्याच्यापेक्षा त्याच्या वडिलांचे तोंड मला बघवेना. मी माझी लाल नेलपॉलिशची बाटली काढून दिली. मुलाने एका बैठकीत रोबोट डोक्यापासून पायापर्यंत रंगवला आणि वाळला का ते बघायला पाठीवर अंगठा टेकवला. वाळला नव्हता. तो ठसा तिथेच राहिला. माझ्या नखांना एक थेंब उरला नाही, पण बापलेक दोघेही पोटभर जेवले.

पुढे मुलगा मोठा झाला तरी ते वेड गेले नाही. अशी खेळणी जमवणाऱ्या लोकांचे एक मंडळ आहे. त्यात बँकेतले आहेत, शिक्षक आहेत, एक बाई भूल देणाऱ्या डॉक्टर आहेत. तिथेच मुलाची एकाशी दोस्ती झाली. तो कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला आहे, म्हणून माझ्या मुलाने त्याचे नाव बत्तीशी ठेवले आणि तेच पडले. मीही त्याला बत्तीशीच म्हणते. तो मला काकू म्हणतो.

दोघांचे भांडण एकच. बत्तीशीचे म्हणणे, साचा एक, खोके एक, तेव्हा वज्रा आणि अंगार हा एकच रोबोट, खरे नाव वज्रा, खरा रंग पिवळा, आणि टीव्हीवाल्यांनी घोळ घातला. माझ्या मुलाचे म्हणणे, हे दोन सख्खे भाऊ आहेत, चेहरा सारखा असला म्हणून माणूस एक होत नाही, आणि अंगार कधी दुकानात आलाच नाही म्हणून त्याला घरी बनवावा लागला. दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात हाच गोंधळ. "अरे खोक्यावर छापलंय!" "खोकं कोणी छापलं? ज्यानं पाठवलाच नाही त्यानं!" एकदा तर चार महिने बोलत नव्हते. मग बत्तीशी आपणहून आला आणि दारातूनच म्हणाला, "पिवळा तो पिवळाच, पण काकू, चहा टाका." वयाची चाळिशी उलटलेले दोन बाप्ये. मी डोक्याला हात लावायची. पण खरे सांगते, घर भरलेले असायचे.

मुलगा गेल्यावर रोबोट मी त्याच्या कपाटावर तसाच ठेवला. रोज पुसायची. पाठीवरच्या त्या ठशात माझ्या करंगळीचे टोक बरोबर बसायचे. मुलाचे बाकी कपडे, हत्यारे, बूट मी देऊन टाकले, कारण त्यांना त्याचा हात लागला होता एवढेच. हात उमटलेली वस्तू घरात ही एकच होती.

काही दिवसांपूर्वी बत्तीशी घरी आला. मंडळाने मुलाच्या आठवणीसाठी वाचनालयाच्या सभागृहात खेळण्यांचे प्रदर्शन ठरवले होते, त्यासाठी त्याने रोबोट मागितला. "काकू, डोळ्यांत तेल घालून जपतो," असे तो म्हणाला. मी पडद्याच्या उरलेल्या कापडात गुंडाळून रोबोट त्याच्या हातात दिला. कागदावर लिहून घेतले नाही. त्याच्याकडून काय लिहून घ्यायचे?

आज प्रदर्शन होते. मी नीट साडी नेसून गेले. मधोमध काचेची पेटी होती, तिच्यावर माझ्या मुलाचे नाव सुंदर अक्षरात लिहिले होते, आणि आत पिवळा रोबोट उभा होता. मला वाटले, कोणीतरी माझा लाल उचलला आणि हा दुसराच आणून ठेवला. मी सगळ्यांसमोर आरडाओरडा केला. चोर, हरामखोर असे शब्द मी वापरले, ते मला कबूल आहेत. बत्तीशी तेव्हा खुर्च्या आणायला गेला होता. मी कोणाचे ऐकून न घेता सरळ या ठाण्यात आले आणि चोरीची तक्रार सांगायला सुरुवात केली.

तक्रार अर्धी लिहून झाली असताना बत्तीशी काचेची पेटी उराशी धरून धावत आत आला. तो घामाघूम झाला होता. तो सर्वांसमक्ष म्हणाला, "काकू, चोरी नाही झाली. हाच तो. मी त्याला मूळ रंगात आणला." हवालदारबाईंनी रोबोट टेबलावर काढून ठेवला. मी गुडघा हलवून पाहिला. डावा गुडघा ढिला आहे. रोबोट माझ्या मुलाचाच आहे.

रंग का काढला, असे हवालदारबाईंनी विचारले. त्यावर बत्तीशीने सांगितले की, मुलगा जायच्या आदल्या दिवशी तो इस्पितळात होता. तेव्हा मुलाने त्याचा हात धरला आणि म्हणाला, "जा रे, तू जिंकलास. वज्राच. पिवळाच." एवढ्या वर्षांत मुलाने हार मानली नव्हती, ती शेवटी मानली, म्हणून ती त्याची इच्छा समजून बत्तीशीने रोज कामावरून आल्यावर कापसाच्या काड्यांनी, प्लास्टिकला धक्का न लावणारे औषध घेऊन, नेलपॉलिश थोडी थोडी सोडवली. कवळी चकचकीत करतात तशी त्याने ती पाठही चकचकीत केली आहे. "त्याचं शेवटचं मागणं होतं, काकू. मी दुसरं काय करणार होतो?" असे म्हणून तो लहान मुलासारखा रडला. हवालदारबाईंनी त्याला पाणी दिले आणि बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले.

मी हवालदारबाईंना विचारले की, तुम्ही लोक पेल्यावरचे, दारावरचे ठसे उचलता, तर पुसलेला ठसा परत मिळतो का? त्या म्हणाल्या, "नाही मावशी, पुसला की गेला."

यापुढचे मी बत्तीशी खोलीत नसताना सांगत आहे. त्या दिवशी इस्पितळात मी पलंगाच्या पलीकडे बसले होते. मुलगा तसे बोलला हे खरे आहे. बत्तीशी सलग दोन रात्री खुर्चीत बसून होता, घरी जा म्हटले तरी जात नव्हता. मुलाने ते शब्द काढले तेव्हा तो इतका खूश झाला की हसत हसत उठला आणि आंघोळ करून येतो म्हणून गेला. दार लागल्यावर मुलगा मला म्हणाला, "आई, जिंकू दे त्याला एकदा. नाहीतर हा काही घरी जाऊन झोपत नाही." मग म्हणाला, "बरा झालो की बघतो त्याच्याकडे. अंगार तो अंगारच." त्यानंतर त्याला ग्लानी आली. हेच त्याचे शेवटचे बोलणे, ते मी एकटीने ऐकले.

मला फार राग आला आहे. इतका की टेबलावरची वस्तू मला हातात घ्यावीशी वाटत नाही. माझा मुलगा दुसऱ्यांदा गेला असे मला वाटते, आणि या वेळी त्याला ज्याने पुसले तो माणूस त्याच्यावर माझ्याइतकीच माया करत होता, म्हणून मला धड शिव्याही देता येत नाहीत.

नुकसानीची तक्रार लिहू का, असे हवालदारबाईंनी विचारले. माझी तशी तक्रार नाही. चोरीची जी तक्रार मी सांगितली होती ती मी मागे घेते. कोणी दबाव टाकलेला नाही. ज्यांना मी चोर म्हणाले त्या मंडळींची मी जाऊन माफी मागणार आहे.

वस्तू परत मिळाल्याची नोंद करताना हवालदारबाईंनी रोबोटचा रंग विचारला. मी लाल सांगितला. त्या म्हणाल्या, "मावशी, समोर तर पिवळा दिसतोय." मी म्हणाले, लाल लिहा. नाव विचारले, मी अंगार सांगितले. त्यांनी तसे लिहिले. बाहेर जाऊन बत्तीशीला मी काय सांगणार, असेही त्यांनी विचारले. मी सांगणार आहे की, बाबा, तू त्याचा शब्द पाळलास, आता मला तुझ्या स्कूटरवरून घरी सोड, आणि रविवारी चहाला ये.

माझा जबाब इथे संपतो. बत्तीशी दारापलीकडच्या बाकावर बसलेला असल्यामुळे, माझ्या विनंतीवरून, हवालदारबाईंनी दार लोटून घेऊन हा जबाब मला अगदी हळू आवाजात वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.