मालकाची कात्री

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक शिंपी आणि त्यांची बायको.

"मालकानं कात्री कधी दुसऱ्याच्या हाती देऊ नये!"

"हळू बोला. आणि तो हात मांडीवर ठेवा, किती थरथरतोय."

"तीस वर्षं दुकानातलं एकेक कापड मीच कापलं."

"आणि भावोजींनी तीस वर्षं नुसती काजं केली. कात्री मागितली होती त्यांनी."

"मी म्हटलं, आधी शीक."

"शिकवणार कोण होतं?"

"मला वेळ कुठं होता?"

"शेवटी गेलेच ना! आता त्यांच्या दुकानात चौघं कापतात."

"आपल्याकडची गिऱ्हाइकं कापडं परत नेतायत गं."

"मग बोलवा त्यांना."

"कुठल्या तोंडानं? येईल तो?"

"विचारून तर बघा."

"बघतो. आधी हे बाहीचं बटण लावून दे. मला जमत नाहीये."