साथीला कावेरी नको

(सिल्वासातली एक सोसायटी. संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये कीर्तन आहे. कीर्तनकार बुवा मंडळाचे अध्यक्ष उदय आणि त्यांची बायको मेधा यांच्याकडे उतरले आहेत.)

मेधा: म्हणजे नाव घ्यायचं नाही, नुसतं तिच्याकडे बघत भ्रूणहत्येवर बोलायचं. वा! मंडळाची सभ्यता कशी अगदी इस्त्रीची!

उदय: बुवा, हिचं मनावर घेऊ नका. खडोलीला आमच्या प्लांटवर सुकदेव म्हणून ऑपरेटर आहे. त्याची बायको कावेरी दर कीर्तनाला मागे उभी राहून टाळ धरते, ध्रुपद उचलते. तिनं मागच्या आठवड्यात पोट पाडलं. नवऱ्याला न विचारता! आज तिनं साथीला उभं राहू नये, समोर बसून ऐकावं, आणि उत्तररंगात आपण या पापावर बोलावं, असं मंडळाचं मत आहे.

मेधा: मंडळ म्हणजे पाच पुरुष आणि एक माईकवाला.

बुवा: गळा कसा आहे हो तिचा?

मेधा: आपण दम घ्यायला थांबता ना बुवा, तिथं ती सूर खाली पडू देत नाही.

उदय: गळ्याचा प्रश्नच नाही. गुन्हा आहे तो. प्रत्येक दवाखान्यात एवढा मोठा बोर्ड असतो.

मेधा: बोर्ड पूर्ण वाचावा माणसानं! मुलगा की मुलगी ते बघणं गुन्हा, असं असतं त्यावर. इंजिनीअर ना तुम्ही? मशीनवरची सूचनाही अर्धीच वाचता का? गर्भपाताचा कायदा एकाहत्तर सालचा. त्याआधी बाईलासुद्धा तुरुंग होता. आता सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची लागत नाही.

उदय: तुझ्या त्या कायद्यातही डॉक्टरच ठरवतात. बाईनं म्हटलं आणि झालं, असं नाहीच.

मेधा: खरंय. एकवीस साली सुधारला, तरी तेवढा अविश्वास ठेवलाच बाईवर. पण डॉक्टरांनीच सांगितलं तिला, दोन सिझेरियन झालीत, धाकटा अजून अंगावर पितोय, एवढ्यात तिसरं म्हणजे जिवाला धोका.

उदय: हे तुला कुणी सांगितलं?

मेधा: सांगायला कशाला हवं कुणी? मीच नेलं होतं तिला. बसवा मलाही पहिल्या रांगेत, बुवांना नेम धरायला बरं.

उदय: मेधा! तू? एकादशी करणारी बाई!

मेधा: करतेच की. तिथं बाकावर बसून नाम घेत होते. त्या जिवासाठी रडलेसुद्धा. तुमचं मंडळ रडलं? सुकदेव पिऊन तिला मारायचा, पोटुशी असताना, तेव्हा कोणतं आख्यान लावलं होतं तुम्ही?

उदय: तो त्यांच्या घरचा मामला होता.

मेधा: अस्सं! मार घरचा आणि पोट मंडळाचं!

बुवा: ताई, मी खोटं नाही बोलणार. जीव जातो तिथं मला पुण्य दिसत नाही. कायदा झाला म्हणून माझं मन मानत नाही.

मेधा: नका ना बोलू खोटं. पण पाठीमागून कशाला? लावते फोन. ...कावेरी, स्पीकरवर आहेस गं. बुवा बसलेत इथं.

कावेरी: नमस्कार बुवा! प्रवास नीट झाला ना?

उदय: कावेरी, आज बुवा गर्भपात म्हणजे पाप यावर बोलणार आहेत. तू... नाही आलीस तरी चालेल.

कावेरी: समजलं, सर. पन मग मागं कोन उभं राहील? बुवांना पाप बोलायचं असंल तर बोलू द्या. त्याला चाल कोनती, तेवढं आत्ताच सांगा. गुनगुनून बघते.

मेधा: ऐका, अध्यक्ष.

बुवा: बाई, तुला राग नाही येत?

कावेरी: येतो ना. पन रागात सूर चढतो, बुवा.

बुवा: ...उदयराव, उत्तररंगाचा विषय मी बदलतोय. मंडळाला सांगा, बुवांना जमलं नाही.

उदय: अहो, पण मंडळाला मी काय—

बुवा: तेवढंच सांगा. कावेरी, ये तू. माझ्या मागेच उभी राहा.

कावेरी: येते. एवढं करा बुवा, आज पट्टी जरा खाली घ्या. पोटातून अजून जोर लागत नाही.